आडनावावरून गोंयकार ठरवायचा असेल तर

गोव्यात थोड्या थोड्या दिवसांनी हा विषय परत वर येतो. बाहेरून आलेली माणसं आपली आडनावं घेतात, काल राठोड होता तो आज नाईक झाला, कुणी गावकर झाला, मग त्याच नावावर रेशनकार्ड, मतदार यादी, सरकारी नोकरी आणि शेवटी जमीन, असा सगळा हिशोब मांडला जातो आणि शेवटी मागणी येते की 'गोमंतकीय आडनावं' कायद्याने राखून ठेवा, बाहेरच्याला ती घेताच येऊ नयेत. ग्रामसभेत हे ऐकलंय, लग्नाच्या मांडवात ऐकलंय, पणजीच्या बसमध्ये ऐकलंय. बोलणारी माणसं वाईट नाहीत आणि त्यांची भीतीही खोटी नाही, त्या भीतीबद्दल मी पुढे बोलणारच आहे. पण ही मागणी मला चुकीची वाटते, धोक्याचीही वाटते, आणि मराठी वाचणाऱ्या गोवेकरांनी तर ती बिलकुल उचलून धरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण गोव्यात आडनाव बघून माणसाचं मूळ सांगताच येत नाही. आडनावावरून फार तर इतकं कळतं की तुमच्या कुठल्यातरी पूर्वजाचं नाव कधीतरी कुणीतरी वहीत लिहून घेतलं, आणि ज्याच्या हातात लेखणी होती त्याच्याच हातात तेव्हा सत्ता होती.

ख्रिस्ती आडनावांपासून सुरू करू कारण तिथे हे सगळ्यात उघड दिसतं. १५१० मध्ये आफोन्सो दि आल्बुकेर्कने गोवा घेतला, १५४३ मध्ये बार्देस आणि साष्टी हे गोव्यातले तालुके पोर्तुगीजांकडे गेले, आणि पुढे गावंच्या गावं बाटली. बाप्तिस्मा देताना नवीन नाव आणि नवीन आडनाव मिळायचं, ते कुणाचं तर बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रीचं नाहीतर धर्मपिता म्हणून उभ्या राहिलेल्या पोर्तुगीज माणसाचं. त्यामुळे झालं असं की एका घरातले दोन भाऊ वेगवेगळ्या धर्मपित्यांमुळे वेगवेगळ्या आडनावांचे झाले आणि ज्यांचा एकमेकांशी काहीच संबंध नव्हता अशी बामण, चार्डो, सुदीर, गावडा अशी सगळ्या जातींची घरं एकाच डिसोझाखाली आली. आडनाव एक झालं म्हणून जात गेली का, तर नाही गेली, आजही लग्न जमवताना 'डिसोझा' एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही, कुठल्या गावचा, कुठल्या वाड्यावरचा, कुणाचा नातू हे विचारल्याशिवाय बोलणी पुढे सरकत नाहीत. म्हणजे ज्यांना जात बघायची आहे त्यांनासुद्धा आडनाव पुरत नाही. मग परका कोण आणि आपला कोण हे ठरवायला ते कसं पुरेल?

आणि ही नावं 'पोर्तुगीज' तरी किती आहेत बघा. फर्नांडिस, रॉड्रिग्ज, ही नावं ज्या फर्नांदो, रोद्रिगो वरून आली ती रोमन साम्राज्य कोसळताना तिकडे उतरलेल्या व्हिसिगॉथ टोळ्यांची, म्हणजे जर्मन वंशाच्या लोकांची नावं. म्हणजे पोर्तुगालमध्येही कधीतरी जिंकणाऱ्याचं नाव जिंकलेल्याला चिकटलं होतं. पुढे १४९७ मध्ये पोर्तुगालच्या राजाने ज्यूंना जबरदस्तीने ख्रिस्ती केलं आणि त्यांनीही तिथली साधी, चारचौघांसारखी आडनावं घेतली. त्यातल्याच एका घरातला वैद्य गार्सिया दि ओर्ता १५३४ मध्ये गोव्यात आला, इथेच राहिला, इथल्या झाडपाल्यांचा आणि औषधांचा अभ्यास केला, १५६८ मध्ये वारला. नाव पूर्ण पोर्तुगीज, तरी मेल्यानंतर बारा वर्षांनी, १५८० मध्ये, इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडं उकरून जाळली, कारण तो आतून ज्यूच राहिला असा ठपका. आज पणजीतल्या चर्चसमोरच्या बागेला त्याचं नाव आहे, आपण तिथे बसून शेंगदाणे खातो. नाव बदलून माणूस सुरक्षित होतो असं ज्यांना वाटतं त्यांनी आणि नावावरून माणसाचा वंश कळतो असं ज्यांना वाटतं त्यांनीही त्या बागेत एकदा हा इतिहास आठवावा.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे कमी बोलली जाते. मोझांबिककडून गुलाम म्हणून माणसं आणली जायची, गोव्यातल्या श्रीमंत घरांत ती राबायची. त्यातली काही पळून घाट चढून गेली आणि आज कर्नाटकातल्या यल्लापूर, हल्याळ भागात जे सिद्दी राहतात त्यांच्यात त्यांचे वंशज आहेत. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, आणि ख्रिस्ती सिद्दींमध्ये पोर्तुगीज वळणाची नावं सापडतात. तेच आडनाव लिस्बनच्या गोऱ्या माणसाचं, तेच साष्टीच्या बामण घराचं, तेच हल्याळच्या सिद्दीचं, तेच अंगोला आणि ब्राझीलमधल्या काळ्या माणसाचं. रंग, वंश, जात, खंड सगळं वेगळं आणि आडनाव एकच. यावरून रक्त ओळखायचं म्हणजे कसं ओळखायचं मला खरंच कळत नाही.

आता काही जण म्हणतील की ठीक आहे, ती नावं लादलेली होती, पण ज्यांनी ती आजही ठेवलीयत त्यांचं मन तिकडेच आहे. हे मी आपल्याच लोकांकडून ऐकतो आणि दर वेळी वाईट वाटतं. १८ जून १९४६ ला मडगावात पोर्तुगीज राजवटीविरुद्धच्या सभेत राम मनोहर लोहियांबरोबर जो माणूस उभा होता त्याचं नाव ज्युलियांव मिनेझिस, असोळण्याचा. गोवेकरांना पोर्तुगीज राजवटीने स्वतःपासून कसं तोडलं हे १९४४ मध्ये ज्याने सडेतोड लिहिलं आणि ज्याला १९४६ च्या चळवळीनंतर पोर्तुगालच्या तुरुंगात पाठवलं त्याचं नाव त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा. ही नावं ऐकून पोर्तुगीजधार्जिणी वाटली असती की नाही? आणि दुसऱ्या बाजूने बघा, मडगावच्या घराण्यातले आंतोनियो कोस्ता पोर्तुगालचे पंतप्रधान झाले, आता युरोपियन कौन्सिलचे अध्यक्ष आहेत, त्यांना घरात हाक काय मारतात तर बाबुश, मडगावच्या कुठल्याही अंगणात मारतात तशी. कागदावरचं नाव एक सांगतं आणि घरातली हाक दुसरंच सांगते, आणि दोन्ही खरी असतात. आपल्याकडे सेबास्तियांवचा बोस्त्यांव झाला, इनासियोचा इनास झाला, कायतानोचा कायतान. ज्यांनी ही नावं घेतली त्यांनी ती आपल्या जिभेवर वळवून आपली करून टाकली.

इन्क्विझिशनचं १७३६ चं फर्मान माहीत असेल काहींना. बाटलेल्यांनी दारात तुळस लावायची नाही, पुरुषांनी धोतर नेसायचं नाही, बायकांनी चोळी घालायची नाही, अशी बंधनं त्यात होती. जरा विचार करा, बाप्तिस्मा होऊन दीड-दोनशे वर्षं झालेल्या घरांना हे परत दम देऊन सांगावं लागतंय, म्हणजे दोन शतकं नाव बदलून वापरलं तरी त्या घरांच्या अंगणात तुळस होतीच की.

हे झालं ख्रिस्ती बांधवांचं. आता आपल्याकडे वळू, कारण आपण असं धरून चालतो की हिंदू आडनाव म्हणजे अस्सल, आणि त्यातही मागे 'कर' असलं की प्रश्नच मिटला. हे 'कर' खरं तर फार सुंदर प्रकरण आहे. गाव सांगतं, देव सांगतं, दुसरं काहीच सांगत नाही. पर्रा गावचे पर्रीकर, बोरीचे बोरकर, केरीचे केरकर. पण ते कुणी घेतलं आणि का घेतलं ते बघा. दीनानाथ १९०० मध्ये मंगेशीत जन्मले, वडील देवळातले भट, आई येसूबाई देवळाच्या सेवेतल्या कलावंत समाजातली, आणि त्यांनी आडनाव म्हणून बापाचं घराणं न लावता गाव लावलं, मंगेशकर झाले. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, सगळ्या त्याच समाजातल्या, ज्या समाजातल्या बाईला बापाचं किंवा नवऱ्याचं आडनाव मिळत नव्हतं, तिने गावाचं नाव लावलं आणि ते नाव अख्ख्या हिंदुस्तानात नेऊन पोचवलं. कुर्डी गाव तर आता साळावली धरणाच्या पाण्याखाली आहे. पुढे त्या सगळ्या समाजानेच आपली जुनी, कमीपणाची नावं टाकून देऊन गोमंतक मराठा समाज हे नाव घेतलं, आणि १९६३ मध्ये गोव्याचा पहिला मुख्यमंत्री, दयानंद बांदोडकर, त्याच समाजातून आला. तेव्हाही नाकं मुरडणारे होतेच, हे कसले मराठा म्हणून. त्यांचं ऐकून कुणी कायदा केला असता, की वरच्या समाजांची नावं राखून ठेवा, इतरांना घेऊ देऊ नका, तर काय झालं असतं? आज ज्या नावांचा आपल्याला अभिमान वाटतो त्यातली निम्मी नावं जन्मलीच नसती. नाव घेण्याचा हक्क हा खालच्या माणसाने वर यायची एक पायरी असते, म्हणून तो हक्क मला इतका मोलाचा वाटतो.

गावड्यांचं तर याहून कठीण. १९२८ मध्ये मसुराश्रमाच्या मसूरकर महाराजांनी शुद्धी चळवळ चालवली, तिसवाडी, फोंडा अशा भागांतले हजारो ख्रिस्ती गावडे हिंदू झाले, त्यांना नवी संस्कृत वळणाची नावं दिली गेली. आणि पोर्तुगीज सरकारने काय केलं, तर त्या नव्या नावांना कायदेशीर मान्यता मिळू नये म्हणून अडथळे आणले. शेतात, देवळात, घरात माणूस एका नावाचा आणि सरकारी वहीत दुसऱ्या नावाचा. लक्षात घ्या, ही गोव्यातली सगळ्यात जुनी वस्ती मानली जाते, इथली शेतं ज्यांनी कसली ते लोक. त्यांना आधी एकाने नाव दिलं, मग दुसऱ्याने दिलं, मग तिसऱ्याने ते लिहून घ्यायला नकार दिला, आणि तिन्ही वेळेला त्यांना स्वतःला काय हवंय हे किती जणांनी विचारलं असेल देव जाणे. अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला त्यांना २००३ साल उजाडावं लागलं, तिकडे उत्तर कन्नडच्या सिद्दींनाही तो त्याच वर्षी मिळाला. जे खरोखर इथले आद्य, त्यांच्या आडनावांच्या रक्षणासाठी आपण कधी मोर्चा काढल्याचं मला आठवत नाही.

मुसलमान शेजाऱ्यांचं थोडक्यात सांगतो. फोंड्याची साफा मशीद १५६० ची, आदिलशाहीतली. ज्या वर्षी गोव्यात इन्क्विझिशन आलं त्याच वर्षीची. म्हणजे शेख, खान, बेग ही नावं इथे फर्नांडिसच्या बरोबरीने जुनी आहेत. २०११ च्या जनगणनेत गोव्यात साधारण ६६ टक्के हिंदू, २५ टक्के ख्रिस्ती आणि ८ टक्क्यांहून थोडे जास्त मुसलमान होते, आणि त्या आठ टक्क्यांतल्या पिढ्यान्‌पिढ्या इथल्या माणसाला भाड्याने फ्लॅट बघताना विचारलं जातं की मूळचे कुठले? कोकणी बोलतो, उत्तर कोकणीतूनच देतो, तरी विचारलं जातं. कारण नाव आधी ऐकू येतं आणि माणूस नंतर.

आडनावाची यादी करून कायदा करा म्हणणाऱ्यांना मला हेच सांगायचंय की हे नुसतं गोव्याचं गाऱ्हाणं नाहीये, जगात हा प्रयोग होऊन गेलाय आणि तो कुणी केला ते बघा. ऑगस्ट १९३८ मध्ये नाझी जर्मनीने हुकूम काढला की ज्या ज्यूंची नावं ऐकून ज्यू वाटत नाहीत त्यांनी १ जानेवारी १९३९ पासून नावात भर घालायची, पुरुषांनी इस्रायल आणि बायकांनी सारा. म्हणजे माणसं आपल्यासारखीच दिसतात, आपल्यासारखीच बोलतात, नावंही आपल्यासारखीच, मग ओळखायची कशी, तर नावावर शिक्का मारा. बल्गेरियात उलटं केलं, १९८४-८५ च्या हिवाळ्यात तिथल्या तुर्की अल्पसंख्याकांची नावं जबरदस्तीने बदलून बल्गेरियन केली, आणि १९८९ मध्ये तीन लाखांहून जास्त माणसं घरदार सोडून तुर्कस्तानात निघून गेली. एकाने म्हटलं आमचं नाव घ्यायचं नाही, दुसऱ्याने म्हटलं आमचंच घ्यायचं. दोन्हीकडे नाव ठरवणारा ते नाव वापरणारा माणूस नव्हता, सरकार होतं. गोव्यातली मागणी त्या टोकाची नाही हे मला मान्य आहे, पण रस्ता तोच आहे, म्हणून सुरुवातीलाच बोललेलं बरं.

आणि नावाचा मार कसा बसतो याचे हिशोबही झालेत. अमेरिकेत मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन या अर्थतज्ज्ञांनी बॉस्टन आणि शिकागोमध्ये नोकरीच्या जाहिरातींना साधारण पाच हजार खोटे बायोडेटा पाठवले, शिक्षण अनुभव सारखाच, फक्त काहींवर गोऱ्यांची वाटणारी नावं आणि काहींवर काळ्यांची वाटणारी. २००४ मध्ये छापून आलं, गोऱ्या नावांना ५० टक्के जास्त फोन आले. तिकडे कितीतरी काळ्या लोकांची आडनावं मुळात गुलामांच्या मालकांकडून आलेली, म्हणून तर माल्कम लिटलने ते आडनाव टाकून त्या जागी नुसतं एक्स लावलं, आफ्रिकेतलं जे खरं नाव हरवलं त्याची रिकामी जागा म्हणून. आपल्याकडे सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना असेच अर्ज पाठवले, २००७ मध्ये निष्कर्ष आले, सवर्ण हिंदू नावाच्या मानाने बोलावणं येण्याची शक्यता दलित नावाला दोन तृतीयांश आणि मुस्लिम नावाला एक तृतीयांश. अर्ज तोच, डिग्री तीच. मग एखाद्याने आपल्या मुलाचं नाव बदललं तर त्याच्यावर फसवणुकीचा संशय घेण्याआधी, ज्या समाजाने त्याच्यावर ही वेळ आणली त्या समाजाकडे बघायला नको का?

बरं, आता भीतीबद्दल. ती जमिनीची आहे आणि मी ती मनापासून मानतो. गोवा केवढासा, २०११ ला साडेचौदा लाख लोक, डोंगर कापले जातायत, शेतं बुजवली जातायत, गावात आपणच पाहुणे वाटायला लागलोय. पण खरं सांगा, आसगाव, शिवोलीकडे जुनी घरं कोण विकत घेतंय? दिल्ली-मुंबईचे पैसेवाले घेतायत, आणि ते नाईक किंवा गावकर होऊन घेत नाहीत, आपल्या स्वतःच्या आडनावाने राजरोस घेतात, रजिस्ट्री करतात, गेटवर पाटी लावतात. त्यांना आपल्या आडनावाची गरजच नाही. ज्याच्याकडे पैसा आहे त्याला कुठलंही आडनाव चालतं. आडनाव बदलावंसं वाटतं ते कुणाला, तर जो बांधकामावर, जेटीवर, मार्केटात राबतो, ज्याला 'घाटी' म्हणून हाक मारली जाते, ज्याच्या मुलीला शाळेत त्या एका आडनावावरून वेगळं बसवलं जातं. म्हणजे आपला राग जमीन घेणाऱ्यावर आहे आणि कायदा आपण मागतोय तो ज्याच्या नावावर एक खोलीही नाही अशा माणसाविरुद्ध. हे मला पटत नाही, कितीही वेळा ऐकलं तरी पटत नाही.

कोमुनिदादचं, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या गावकरी संस्थेचं काय, असंही विचारतात. गावकरीत आडनावाला अर्थ आहे, झोणाचा, म्हणजे गावच्या उत्पन्नातल्या वाट्याचा, हक्क आहे, कुणीही उठून गावकर लावलं तर? पण गावकरी कशी चालते ते त्यातल्या माणसांनाच विचारा. तिथे वांगड, म्हणजे मूळ कुळ, बघतात, वही बघतात, बाप-आजा त्या वहीत आहे का ते बघतात, गावकराचा मुलगा वयात आला की त्याची नोंद होते. गावं बाटली, प्रभू-कामतांचे परेरा आणि मिनेझिस झाले, तरी त्या घरांचा गावकरीतला हक्क वांगडाप्रमाणे चालूच राहिला. म्हणजे गोव्यातल्या सगळ्यात जुन्या संस्थेने आडनावावर कधीच भिस्त ठेवली नाही. उद्या कुणी आधारकार्डावर गावकर लावलं म्हणून त्याला एक रुपया झोण मिळणार नाही. सरकारी नोकरीला १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला लागतो, तिथेही आडनाव विचारत नाहीत, वर्षं विचारतात. खोटा दाखला काढला, दोन नावांवर दोन रेशनकार्डं काढली, जुने गुन्हे लपवायला नाव बदललं, तर तो गुन्हा आहेच, पकडा त्याला, माझा पाठिंबा आहे. पण पकडा ते खोट्या कागदासाठी.

आणि कागदांचं म्हणाल तर आपल्या घरातले कागद काढून बघा. पोर्तुगीज काळातल्या कारकुनाने ऐकू आलं तसं लिहिलं, शेणैचं शिनाय झालं, पैचं पोय, प्रभूचं पोरोब, कामतचं कामोतिम. माझ्या आजोबांच्या जन्मदाखल्यावरचं आडनाव आणि माझ्या पासपोर्टवरचं आडनाव शेजारी ठेवली तर ती एका घरातली आहेत असं कुणाला वाटणार नाही. पोर्तुगीज राजवट संपली त्या १९ डिसेंबर १९६१ च्या आधी जन्मलेल्यांची मुलं-नातवंडं पोर्तुगीज नागरिकत्वासाठी लिस्बनला नोंदणी करायला जातात तेव्हा याच एका-दोन अक्षरांसाठी वकिलाकडे खेटे घालतात. बाहेरच्याने आपलं आडनाव घेतलं म्हणून ओरडणाऱ्यांतले किती जण सध्या स्वतःचंच आडनाव दुरुस्त करून घेतायत, हे मामलेदार कचेरीच्या आणि सिव्हिल रजिस्ट्रारच्या लाइनीत उभं राहिलं की कळतं. त्यांची दुरुस्ती हक्काची आणि दुसऱ्याची लबाडी, असं कसं?

बायकांचं तर या सगळ्यात नावच निघत नाही. आपल्याकडे लग्नात मुलीचं आडनाव बदलतं, कित्येक घरांत तांदळात लिहून पहिलं नावही बदलतं. निम्मी गोमंतकीय माणसं आयुष्यात एकदा नाव बदलतात आणि त्याने कुणाचं गोमंतकीयपण बुडालंय असं कुणीच म्हणत नाही. बिहारच्या मुलीने काणकोणच्या मुलाशी लग्न केलं तर ती दुसऱ्या दिवशी गावकर होते, आणि तिच्या भावाने तेच आडनाव मागितलं तर तो घुसखोर.

मराठी वाचणाऱ्यांना मी वेगळं सांगतोय त्यालाही कारण आहे. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का यावरचा १९६७ चा जनमत कौल असो की कोकणीला राजभाषा करणारा १९८७ चा कायदा, त्या सगळ्या वादात आपल्यालाही ऐकावं लागलंय की मराठी लिहिणारा तो पुरता गोंयकार नाही, त्याचं लक्ष महाराष्ट्राकडे. आणि तिकडे पुण्या-मुंबईत गेलो की म्हणतात तुम्ही गोव्याचे वाटत नाही, गोव्याचे म्हणजे डिसोझा असतात ना. दोन्हीकडून मोजलं जाण्याचा अनुभव आपल्याला आहे. ज्याला स्वतःला असं तोलून घ्यावं लागलंय त्याने दुसऱ्याला तोलायला तराजू मागू नये असं मला फार आतून वाटतं.

नाव बदलायचा कायदा आपल्याकडे आहेच, १९९० चा. अर्ज करायचा, नोटीस छापून येते, हरकत असेल त्याला ती घेता येते. तेवढं पुष्कळ आहे. जुनं नाव आणि नवं नाव एकमेकांना जोडलेलं राहील एवढी नोंद नीट ठेवली, कुणाचं कर्ज, कुणाची कोर्टातली केस, कुणाचा गुन्हा त्यात लपत नाही एवढं तपासलं, की सरकारचं काम संपलं. गोमंतकीय आडनावांची यादी करायला कुणी बसलंच तर त्याने आधी सांगावं की तिच्यात फर्नांडिस घालणार की नाही, शेख घालणार की नाही, देवळाच्या आणि गावाच्या नावावर घेतलेली 'कर' घालणार की नाही, आणि वास्कोत जन्मलेल्या, तिथल्याच शाळेत शिकलेल्या राठोडच्या तिसऱ्या पिढीचं काय करणार. आणि हरकतीच्या अर्जात 'हे आडनाव आमचं आहे' एवढंच लिहिलेलं असेल, तर तपासणाऱ्याने तो अर्ज तिथेच निकालात काढावा आणि ज्याने नाव मागितलंय त्याला ते द्यावं.